गच्चीचा स्लॅब, ओला माठ आणि अवरक्त दुर्बिणी

प्रश्न सोलापुरातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. त्यांनी आठवी-नववीच्या मुलांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची चित्रं दाखवली, आणि मुलांनी त्यांना तीन प्रश्न विचारले. उष्णता बघणारी दुर्बीण इतकी थंड का ठेवावी लागते? ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह नेमका केवढा आहे हे जमिनीवरच्या मोठमोठ्या दुर्बिणींना सांगता आलं नाही, ते वेबला कसं कळलं? आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या चित्रांत रंग कुठून आले, म्हणजे ती चित्रं खोटी आहेत का? शेवटी मॅडमनी स्वतःचाही एक प्रश्न जोडला आहे: सोलापुरात बसून मुलांना यातलं काही करून बघता येईल का?

नमस्कार मॅडम. मी गेली पंचवीसेक वर्षं अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, निरीक्षणांचा डेटा हाताळतोय. वाढलो मात्र सोलापुरातच, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. म्हणून उत्तराची सुरुवात आमच्या गच्चीपासून करतो.

मे महिन्यातली सोलापूरची रात्र तुम्हाला वेगळी सांगायला नको. आजोबांच्या जुन्या घराला माळवद होतं, त्याखाली गारवा राहायचा. पुढं ते उतरवून स्लॅब घातला आणि उन्हाळ्यात आत झोपणं अवघड झालं. सगळं घर गच्चीवर. संध्याकाळी चार बादल्या पाणी मारायचं, ते बघता बघता सुकायचं, आणि दहा वाजता अंथरूण घातलं तरी सतरंजीतून पाठीला ऊब लागायचीच. एका रात्री लाइट गेलेली असताना मी कठड्याच्या भिंतीसमोर वीतभर अंतरावर तळहात धरला. अंधार इतका की भिंत दिसत नव्हती. वारा पडलेला. तरीही भिंत कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते तळव्याला कळत होतं. हात उलटा केला की मागची बाजू शेकायची आणि तळवा गार व्हायचा.

भिंतीनं दिवसभर ऊन खाल्लं होतं, ते ती रात्री परत देत होती. देत होती तीही प्रकाशाच्याच रूपात. फक्त त्या प्रकाशाची तरंगलांबी आपल्या डोळ्यांच्या पल्ल्याबाहेरची होती. यासाठी एक सोपं गणित आहे, नववीच्या मुलांना सहज जमेल: २८९८ या आकड्याला केल्विनमधल्या तापमानानं (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवा) भागा, म्हणजे ती वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वांत जास्त उजळते ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मिळतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५७७० केल्विन, उत्तर अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाश. चाळीस अंशांची आमची भिंत ३१३ केल्विन, उत्तर सव्वानऊ मायक्रॉन. आपलं शरीरही तिथंच. ताऱ्यांमधल्या अवकाशात पसरलेली धूळ ३० केल्विन असेल, तर जवळजवळ १०० मायक्रॉन. विल्यम हर्शेलनं १८०० साली लोलकातून ऊन पाडून प्रत्येक रंगात तापमापी ठेवल्या, तेव्हा लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथलाच पारा सर्वांत वर चढला. हा विषय त्या दिवशी सुरू झाला.

मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसवा. दृश्य प्रकाशात ग्रह, लघुग्रह, धूळ हे सगळे सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उसन्या उजेडात दिसतात. अवरक्तात ते स्वतःच्या उबेनं दिसतात. तुमच्या मुलांचे पहिले दोन्ही प्रश्न या फरकातूनच सुटतात.

आता दुर्बीण थंड का ठेवायची? कारण दुर्बीणही त्या कठड्यासारखीच एक भिंत आहे. वीस अंशांवरचा आरसा दहा मायक्रॉनला स्वतः उजळतो. त्याची चौकट उजळते, आतला प्रकाश टिपणारा डिटेक्टर उजळतो. वरची हवाही गप्प बसत नाही. हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचे बरेच पट्टे अडवतात, आणि जे अडवतं ते स्वतःही त्याच पट्ट्यात उजळतं. मुलांना असं सांगा: मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता आकाशात काजवा शोधायचा आहे, आणि दुर्बिणीच्या नळीच्या आत ट्यूबलाइट लावलेली आहे. दहा मायक्रॉनच्या निरीक्षणाला बसलेल्या माणसाची जमिनीवर अशी अवस्था असते. म्हणून अशा वेधशाळा कोरड्या, उंच जागा शोधतात. आपल्याकडे माउंट अबूला गुरुशिखरावर १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे, आणि लडाखमध्ये हान्लेला तर ४५०० मीटर उंचीवर दुर्बीण नेऊन ठेवली आहे.

तिथंही काम चालतं ते वजाबाकीवर. दुर्बिणीचा दुय्यम आरसा सेकंदाला काही वेळा किंचित डोलवतात. एकदा तारा अधिक आकाश, एकदा शेजारचं नुसतं आकाश. पहिल्यातून दुसरं वजा करायचं आणि हेच हजारो वेळा. उरतो तो तारा. मूळ आकड्याच्या लाखाव्या हिश्शाएवढाही तो नसतो कधी कधी. माझ्या मते अवरक्त खगोलशास्त्राचं मर्म या वजाबाकीत आहे: आधी आपली स्वतःची ऊब वजा करा, मग समोरच्याची मोजा.

ही वजाबाकी चुकली तर काय होतं ते मी सुरुवातीच्या वर्षांत अनुभवलं. एका वेधशाळेत रात्री अडीच-तीनचा सुमार. आम्ही एका तेजस्वी ताऱ्यावरून दुर्बीण काढून एका काळ्या धूलिमेघावर नेली होती. मेघाच्या चित्रात, जिथं यादीत काहीच नव्हतं तिथं, मला अगदी गोल, नीटस ठिपका दिसला. जन्मणारा तारा सापडला म्हणून मी तासभर त्याची तीव्रता मोजत बसलो. पुढच्या चित्रात तो थोडा मंद, त्याच्या पुढच्यात आणखी मंद, पण जागा चौकटीतली तीच, आकाशातली नव्हे. दुर्बीण इंचभर हलवली तरी तो डिटेक्टरच्या त्याच चौकोनांवर बसून. मग उमगलं: आधीच्या तेजस्वी ताऱ्याचा ठसा डिटेक्टरवर राहिला होता, उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढं हिरवट डाग तरंगतो तसा. त्या रात्रीचा अर्धा वेळ वाया गेला. तेव्हापासून कोणताही नवा ठिपका दिसला की मी पहिलं काम करतो ते याआधी दुर्बीण कुठं रोखली होती ते वहीत बघण्याचं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही हीच सवय लावतो.

हवेचा त्रास अवकाशात गेल्यावर संपतो. उरते ती दुर्बिणीची स्वतःची ऊब. ती घालवण्याचा पहिला उपाय आपल्या माठाचाच होता, हे मला फार आवडतं. माठातून पाझरलेलं पाणी बाष्प होताना माठाची उष्णता घेऊन जातं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून सोडलेल्या ‘आयरास’ उपग्रहात पाण्याच्या जागी द्रव हेलियम होता. तो हळूहळू बाष्प होऊन अवकाशात निघून जायचा आणि ५७ सेंटिमीटरच्या दुर्बिणीला निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शून्य केल्विनच्या, जवळ ठेवायचा. दहा महिन्यांत आयरासनं जवळपास सगळं, म्हणजे ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला धुंडाळलं. मग हेलियम संपला. माठातलं पाणी संपल्यावर माठ गार राहत नाही, तसंच तिथं झालं आणि मोहीम थांबली.

पुढच्या लोकांनी यातून धडा घेतला. ऑगस्ट २००३ मध्ये गेलेल्या ८५ सेंटिमीटरच्या ‘स्पिट्झर’ला पृथ्वीभोवती फिरवलंच नाही. पृथ्वीची ऊबही नको, म्हणून तिला पृथ्वीच्या मागं मागं पडत सूर्याभोवती फिरणारी कक्षा दिली आणि सूर्याकडून सावली केली. त्यामुळे मे २००९ मध्ये हेलियम संपल्यावरही ती तीसेक केल्विनच्या आसपासच राहिली. लांब तरंगलांबीचे डिटेक्टर आंधळे झाले, पण ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे दोन पट्टे चालू राहिले, ते थेट जानेवारी २०२० पर्यंत. ट्रॅपिस्ट-१ या चाळीस प्रकाशवर्षांवरच्या लहानशा ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत हे २०१७ मध्ये कळलं, त्यातलं मोठं काम स्पिट्झरनं रिकाम्या माठावर केलं आहे.

वेबनं मुख्य दुर्बिणीसाठी माठ ठेवलाच नाही. तिची सगळी भिस्त सावलीवर. गच्चीवर शेडनेट टाकताना आपण ते स्लॅबला चिकटवत नाही, मध्ये पोकळी ठेवतो, म्हणजे अडकलेली उष्णता कडेनं निघून जाते. वेबची सावली अशीच आहे, टेनिस कोर्टाएवढी, पाच पदरांची, आणि दोन पदरांमध्ये पोकळी. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिघंही एकाच बाजूला राहतात, म्हणून एका छत्रीनं भागतं. सूर्याकडच्या अंगाला साधारण ८५ अंश सेल्सिअस आणि सावलीत उणे २३३. फक्त ‘मिरी’ नावाच्या उपकरणाला याहून थंडी लागते, कारण ते २८ मायक्रॉनपर्यंत बघतं. त्याच्यासाठी हेलियम वायू बंद नळ्यांतून फिरवणारा फ्रिज बसवला आहे. तो मिरीला ७ केल्विनच्या खाली ठेवतो, आणि हेलियम बाहेर जात नसल्यामुळे संपत नाही.

आरशावर सोनं का, हेही मुलं विचारतील. घरातच दाखवता येईल. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखायचे ते पिस्तुलासारखे थर्मामीटर आठवत असतील. तसलाच, पण कारखान्यात वापरतात तो, उणे पन्नासपर्यंत मोजणारा घ्या. चकचकीत स्टीलच्या पेल्यात कडकडीत चहा ओता आणि पेल्यावर रोखा. आकडा फसवा येईल, खोलीच्या तापमानाच्या जवळचा. आता पेल्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्यावर रोखा. खरा आकडा येईल. जो पृष्ठभाग उत्तम परावर्तन करतो तो स्वतः फार कमी उजळतो. सोनं अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा परत फेकतं, म्हणून वेबच्या ६.५ मीटरच्या आरशाच्या अठराही षटकोनांवर सोन्याचा अतिपातळ थर आहे.

दुसरा प्रश्न लघुग्रहाचा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. २०२४ वायआर४ हा २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या एका शोध-दुर्बिणीला दिसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली. ज्या पट्ट्यात तो पडू शकला असता तो पट्टा आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून आपल्या उपखंडावर येत होता, म्हणून आपल्याकडे बातम्यांना ऊत आला. महिनाअखेरीस आणखी निरीक्षणं आली आणि पृथ्वीचा धोका जवळजवळ शून्यावर आला. पण या सगळ्या काळात त्याचा आकार ‘४० ते ९० मीटर’ असा मोघमच सांगितला जात होता. हा फरक किती मोठा ते बघा: व्यास सव्वादोन पट, तर घनफळ, म्हणजेच वजनही, अकरा पट.

मोठ्या दुर्बिणींना ते का जमलं नाही? एवढा लहान आणि दूरचा दगड कोणत्याही दुर्बिणीतून ठिपकाच दिसतो. मोजायला मिळतो तो फक्त उजेड. आणि उसन्या उजेडात लहान पांढरा दगड आणि मोठा काळा दगड सारखेच दिसतात. शंभर वॉट ऊन पडल्यावर एक लघुग्रह कोळशासारखा, ४ वॉट परत फेकणारा. दुसरा उजळ, ३६ वॉट परत फेकणारा. दोघांचा उजेड सारखा दिसत असेल तर काळ्याचं क्षेत्रफळ नऊपट हवं, व्यास तिप्पट आणि वजन सत्तावीसपट.

आता उबेकडून बघा. काळ्यानं ९६ वॉट पोटात घेतले, उजळानं ६४. जे पोटात गेलं ते उष्णता होऊन अवरक्तात बाहेर येणारच. दोघं एकाच आकाराचे असते तर त्यांच्या उबेत फरक दीडपट, आणि त्यातून काढलेल्या व्यासात चूक जेमतेम वीस-बावीस टक्के. रंग माहीत नसतानाही! दृश्य उजेड आणि ऊब दोन्ही मिळाले तर तीही चूक घटते, आणि दगड काळा की उजळ हेही कळतं. मार्च २०२५ मध्ये वेबनं वायआर४ ची ऊब मोजली आणि उत्तर आलं: सुमारे ६० मीटर.

हे एकेका दगडाचं झालं. सरसकट मोजणी केली ती ‘वाइज’ या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीनं. डिसेंबर २००९ मध्ये ती गेली. तिच्या माठात गोठवलेला हायड्रोजन होता, तो वर्षाच्या आत संपला. २०११ मध्ये तिला झोपवलं, २०१३ मध्ये पुन्हा उठवलं आणि ‘निओवाइज’ नावानं २०२४ पर्यंत लघुग्रह मोजायला लावलं. पृथ्वीच्या कक्षेत पृथ्वीच्या पुढं पुढं चालणारा पहिला सोबती लघुग्रह, २०१० टीके७, तिच्याच डेटातून सापडला. जुलै २०२० मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसलेला धूमकेतू तिचंच नाव घेऊन गेला. तिच्यामागून ‘निओ सर्व्हेयर’ ही ५० सेंटिमीटरची दुर्बीण तयार होत आहे. सूर्याच्या बाजूनं येणारे, दिवसाच्या उजेडात लपणारे दगड पकडण्यासाठीच तिची रचना आहे. माझ्या लेखी या सगळ्या विषयात सामान्य माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेलं हे एकच काम आहे, आणि त्यावर जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

मुलांनी ताऱ्यांबद्दल विचारलेलं नाही, पण एक गोष्ट त्यांना जरूर दाखवा. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास ईशान्येला निळसर पांढरा तेजस्वी तारा वर येतो, तो अभिजित. फक्त पंचवीस प्रकाशवर्षांवर. त्याचा उजेड इतका नीट ओळखीचा, की आयरासच्या शास्त्रज्ञांनी उपकरणाचं माप जुळवायला तोच घेतला होता. वाण्यानं तराजूला वजन लावून बघावं तसं. हार्टमुट ऑमन आणि फ्रेड जिलेट मापं घेत होते, आणि वजनच जास्त भरायला लागलं. १२ मायक्रॉनला सगळं ठीक, ६० आणि १०० ला मात्र अभिजित अपेक्षेच्या कितीतरी पट उजळ. त्यांनी आधी उपकरणावर संशय घेतला. ते योग्यच होतं, मीही तेच केलं असतं. पण उपकरण बरोबर निघालं. ताऱ्याभोवती थंड धुळीचं मोठं कडं होतं, ताऱ्याच्या उन्हात शेकून लांब तरंगलांबीला उजळणारं. दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह बनण्याजोगा माल असतो याचा तो पहिला सज्जड पुरावा. सोलापूरच्या गच्चीवरून बोट दाखवून सांगता येईल असा.

ग्रह स्वतः दिसायचे तर पुन्हा वजाबाकी. ट्रॅपिस्ट-१ चा सर्वांत आतला ग्रह ताऱ्याच्या मागं जातो तेव्हा फक्त ताऱ्याचा उजेड येतो. तो शेजारी असतो तेव्हा दोघांचा मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ग्रहाची ऊब उरते. वेबनं हे १५ मायक्रॉनला केलं, आणि त्या ग्रहाची दिवसाची बाजू साधारण ५०० केल्विन निघाली. इतकी तापलेली, म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेणारं जाडसर वातावरण तिथं नसणार. दगडी ग्रहावर हवा आहे की नाही हे असं नुसत्या उबेवरून ओळखता आलं.

दीर्घिकांच्या बाबतीत अवरक्ताचे दोन उपयोग वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत होते. पहिला धुळीतून आरपार बघण्याचा. उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर नान्नजच्या बाजूला माळावर गेलात तर धनु राशीत आकाशगंगेचा सर्वांत जाड भाग दिसतो, मधोमध काळे पट्टे. ते काळे पट्टे म्हणजे धूळ. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांपैकी एखादा आपल्यापर्यंत पोचतो. २.२ मायक्रॉनला मात्र दहातला एक पोचतो. एकरुख तलावात रोवलेल्या काठीशी लहान तरंग मोडतात, पण लांब लाट काठीची दखल न घेता पुढं जाते, तसंच हे: तरंग धुळीच्या कणापेक्षा लांब झाला की अडत नाही. याच खिडकीतून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी जमिनीवरच्या दुर्बिणींनी केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षं मोजले. एस२ हा तारा सोळा वर्षांत फेरी मारतो, आणि त्यावरून मधल्या काळ्या वस्तूचं वस्तुमान चाळीस लाख सूर्यांएवढं निघालं. २०२० चं नोबेल त्यांना रॉजर पेनरोज यांच्याबरोबर मिळालं.

दुसरा उपयोग अतिदूरच्या दीर्घिकांचा. तिथं प्रकाश निघतानाचा अतिनील असतो आणि विश्व प्रसरण पावत असताना वाटेत ताणला जातो. महास्फोटानंतर सुमारे तीस कोटी वर्षांनी निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येताना पंधरापट लांबलेला असतो. हायड्रोजनची ०.१२ मायक्रॉनची खूण पावणेदोन-दोन मायक्रॉनपाशी येऊन बसते. अशा दीर्घिका वेबनं पाहिल्या आहेत. त्या अवरक्तात दिसतात याचा अर्थ त्या थंड आहेत असा नाही, एवढं मुलांना वेगळं सांगा. ही चूक पदवीच्या मुलांकडूनही होते.

रंगांचा प्रश्न. ‘खोटे रंग’ हा शब्द मला पटत नाही. तुमच्या शाळेत पेटी असेल तर त्यावरूनच समजवा. एखादं गाणं मुलाच्या गळ्याला खाली पडतं म्हणून आपण पट्टी बदलतो. सूर वर सरकतात, पण सुरांमधलं अंतर तेच राहतं, आणि गाणं ओळखू येतं. वेबच्या चित्रात हेच करतात. वेगवेगळ्या गाळण्यांतून (फिल्टरमधून) घेतलेली कृष्णधवल चित्रं असतात. त्यातल्या सर्वांत लांब तरंगलांबीच्या चित्राला लाल, मधल्याला हिरवा, सर्वांत आखूड असेल त्याला निळा रंग देतात. क्रम बदलत नाहीत. म्हणून चित्रात लालसर दिसणारा ठिपका खरोखरच शेजारच्या निळसर ठिपक्यापेक्षा लांब तरंगलांबीला जास्त उजळ असतो: थंड, किंवा धुळीआड, किंवा फार दूर. यातलं नेमकं कोणतं ते चित्रावरून सांगता येत नाही, त्यासाठी वर्णपट घ्यावा लागतो. चित्र कितीही देखणं असलं तरी आम्ही मोजमाप करतो ते मूळ कृष्णधवल आकड्यांवरच.

आता मुलांनी काय करायचं. रिमोटचं बटण दाबून त्याचा पुढचा दिवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल. हर्शेलचा प्रयोग शाळेच्या गच्चीवर खोक्यात होतो, फक्त तापमापीचे फुगे काळे करून घ्या आणि एक तापमापी उन्हाबाहेर ठेवा, म्हणजे तिच्याशी वजाबाकी करता येईल.

पण माझा सर्वांत आवडता प्रयोग त्या पिस्तूल-थर्मामीटरचा. तो आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतो, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जमिनीवरून जी खिडकी वापरतात तीच. रात्री गच्चीवरून तो सरळ डोक्यावर रोखा. डिसेंबरच्या कोरड्या रात्री आकडा शून्याच्या बराच खाली जाईल. जुलैत ढग उतरलेले असताना त्याच गच्चीवरून तोच आकडा हवेच्या तापमानाजवळ येईल. मधल्या रात्रींना, आकाश स्वच्छ असूनही हवेतल्या बाष्पाप्रमाणे तो वरखाली होत राहील. मुलं हातात धरून बघतील की आकाशालाही तापमान असतं आणि आमची वेधशाळा सोलापुरात का बांधता येत नाही. डोक्यावरून क्षितिजाकडे दर पंधरा अंशांना आकडा घ्यायला सांगा. क्षितिजाकडे हवा जाड होत जाते आणि आकडा चढत जातो, त्याचा आलेख फार सुरेख येतो.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून मोठाले हायड्रोजनचे बलून सोडतात. त्यांच्याखाली टांगून एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीणही अनेकदा तीस किलोमीटरच्या वर नेली आहे, हवेचा ९९ टक्के भाग खाली सोडून. तिनं तारे जन्मणाऱ्या मेघांतल्या कार्बनचा १५८ मायक्रॉनचा उजेड मोजला. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटनं खाली येतात, आणि ती उतरू शकतात अशा जिल्ह्यांत सोलापूरचंही नाव असतं. मुलांच्या गावाकडं शेतात कधी असं काही उतरलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं. आत नाजूक उपकरणं आणि रात्रभराचा डेटा असतो.

मोठ्या मुलांसाठी वाइजचा सगळा डेटा फुकट उघडा आहे. ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स’ या लोकसहभागाच्या प्रकल्पात वाइजची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं एकापाठोपाठ दाखवतात, आणि त्यात हलणारा ठिपका शोधायचा असतो. असे ठिपके म्हणजे तारा व्हायला कमी पडलेले थंड गोळे. वाइजच्या डेटातून २०१४ मध्ये सापडलेला असा एक गोळा सुमारे ७.४ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं तापमान जेमतेम दहा-पंधरा अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आमच्या गच्चीच्या कठड्यापेक्षा थंड! असं काही शोधायला महागडी दुर्बीण लागत नाही, एक चालू कॉम्प्युटर आणि चिकाटी लागते. एका मुलानं एकट्यानं बघण्यापेक्षा दोघांनी वेगवेगळं बघून मग ताडून पाहावं.

थर्मामीटरच्या नोंदी मात्र आजपासून सुरू करा. तारीख, वेळ, हवेचं तापमान, डोक्यावरच्या आकाशाचा आकडा, ढग आहेत की नाहीत, असे पाच रकाने. चुकीचा वाटला तरी आकडा खोडू नका, शेजारी शंका लिहून ठेवा. मे ते डिसेंबर वही भरली की मला कळवा. दिवाळीनंतर मी घरी येतो तेव्हा मुलांना आमच्या गच्चीवर घेऊन या, आलेख एकत्र काढू.